पान लावायला शिकताना

मागच्या अंकात स्मरणिकेच्या खर्चाबद्दल लिहिताना मी म्हटलं होतं, की पानांची मांडणी आता घरी बसून व्हिडिओवरून शिकता येते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. मी १९९४ साली नारायण पेठेतल्या एका डीटीपी सेंटरवर पेजमेकर हा पानं लावायचा प्रोग्रॅम शिकले, तेव्हा शिकवायला शेजारच्या खुर्चीवरची मुलगी होती. २०१३ साली त्याच्या जागी आलेलं इनडिझाइन शिकले ते मात्र सगळं यूट्यूबवरून, रात्री जेवणं आटोपल्यावर. दोन्ही वेळा कुठे कुठे अडले होते ते अजून आठवतं, त्यामुळे तुमची पत्रं वाचताना ओळखीची वाटली.

प्रश्न : आमच्या वाचनालयाला यंदा पन्नास वर्षं होतायत. ९६ पानांची स्मरणिका काढायची ठरली आणि मांडणी माझ्याकडे आली. तीन आठवडे रोज रात्री इनडिझाइनचे व्हिडिओ पाहतेय, चाळीसएक पाहून झाले. बघताना सगळं कळतं. पण कोरं पान उघडलं की हात चालत नाही. माझं वय ४८. हे माझ्याच्याने होईल का? – एक ग्रंथपाल, सावंतवाडी तालुका

उत्तर : होईल, ताई. पोळ्या लाटणाऱ्या बाईकडे महिनाभर पाहत बसलं तरी आपली पहिली पोळी नकाशासारखीच होते, तसं हे आहे. उद्यापासून व्हिडिओ बंद ठेवा. वाचनालयाच्या कपाटातून जुना एखादा वार्षिक अहवाल काढा, त्यातली चार पानं पुरेत. हातात फूटपट्टी घ्या. कागदाची रुंदी-उंची मोजा, चारी बाजूंचे समास मोजा, दोन रकाने असतील तर मधली जागा मोजा. शिवणीकडचा समास बाहेरच्यापेक्षा किती जास्त ठेवलाय तेही बघा. सगळे आकडे वहीत लिहा आणि तेच पान इनडिझाइनमध्ये जसंच्या तसं उभं करायला बसा.

दहाव्या मिनिटाला तुम्ही अडाल. तेव्हा त्या अडलेल्या गोष्टीपुरताच व्हिडिओ शोधा. ‘पानाचा क्रमांक कसा टाकायचा’, बस्स, एवढंच. तुमचं काम ज्याच्यासाठी अडून बसलंय तो व्हिडिओ तुमच्या लक्षात राहतो. रात्री झोप येईपर्यंत पाहिलेला राहत नाही.

तो कसा पाहायचा तेही सांगते. पहिल्यांदा नुसता पाहायचा, माउसला हात लावायचा नाही. दुसऱ्यांदा स्क्रीनच्या अर्ध्या भागात व्हिडिओ आणि अर्ध्यात इनडिझाइन. वेग ०.७५ वर आणा. यूट्यूबवर ‘के’ची कळ दाबली की व्हिडिओ थांबतो, ‘जे’ दाबली की दहा सेकंद मागे जातो. थांबलेला असताना स्वल्पविरामाच्या आणि पूर्णविरामाच्या कळेने तो एकेक चित्राने मागेपुढे सरकतो. शिकवणारा मेन्यूवरून भर्रकन माउस फिरवतो ना, तो नेमका कुठे टेकला हे असंच सापडतं. तिसऱ्यांदा व्हिडिओ बंद करून तेच करून बघायचं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवी फाइल उघडून पुन्हा एकदा. बारा मिनिटांच्या व्हिडिओला माझा तासभर जायचा. तेवढा तुमचाही जाऊ द्या.

स्मरणिकेसाठी सगळं इनडिझाइन यायला लागत नाही. समासासकट नवी फाइल उघडणं, पानक्रमांक आणि वरची पट्टी सगळ्या पानांवर एकदम आणणं, मजकूर ओतून एका चौकटीतून दुसरीत वाहता करणं, फोटो बसवणं, छापखान्याला द्यायची पीडीएफ काढणं आणि पॅराग्राफ स्टाइल, एवढं आलं की झालं. सावल्या, चमक, पारदर्शक रंग यांचे व्हिडिओ दिसायला फार छान असतात, पण ते या वर्षी बाजूला ठेवा.

यातली पॅराग्राफ स्टाइल मात्र जीव लावून शिका. समजा, तुम्ही ३८ लेख लावलेत. मुख्य मजकूर ११ पॉइंटात. शेवटच्या आठवड्यात समितीतले कुणी ज्येष्ठ पानं हातात घेणार, चष्मा वर करणार आणि म्हणणार, ‘अक्षर जरा मोठं हवं होतं.’ त्यांचं बरोबरच असतं, स्मरणिका वाचणारे बहुतेक त्यांच्याच वयाचे. प्रत्येक लेखाला तुम्ही ‘मुख्य मजकूर’ नावाची स्टाइल लावली असेल, तर त्या स्टाइलमध्ये ११ चा आकडा खोडून १२ घालायचा. सगळे लेख डोळ्यांदेखत बदलतात. पानं थोडी पुढे सरकतात, ती नीट करायला एक दुपार जाते. स्टाइल न लावता प्रत्येक लेख निवडून आकार दिला असेल, तर ३८ वेळा तेच, आणि त्यात दोन-तीन लेख हमखास सुटतात. छापून आल्यावर ते पटकन डोळ्यांत भरतात.

आणखी दोन गोष्टी, कारण यात तुमची चूक नसताना तुम्ही घाबरून जाल. व्हिडिओतली स्क्रीन आणि तुमची स्क्रीन सारखी दिसणार नाही. उजव्या बाजूची पॅनेलं गायब वाटली, तर विंडो मेन्यूतल्या वर्कस्पेसमध्ये जाऊन ‘इसेन्शियल्स क्लासिक’ निवडा, बरीचशी परत येतात. आणि जुन्या व्हिडिओत ज्याला ‘मास्टर पेज’ म्हणतात त्याचंच नाव आता ‘पेरेंट पेज’ झालंय. वस्तू तीच आहे.

फोटोंचं आजच गावात सांगून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेला फोटो बारीक होऊन येतो. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर आहे तसा येतो. लिंक्स पॅनेलमध्ये ‘इफेक्टिव्ह पीपीआय’, म्हणजे छापताना एका इंचात फोटोचे किती ठिपके येतात तो आकडा, बघत चला, तो ३०० च्या आसपास हवा. पन्नास वर्षांपूर्वीच्या उद्घाटनाचा फोटो कुणाच्या घरी भिंतीवर असेल, तर तो चौकटीतून काढून स्कॅन करून घ्या, मोबाइलने काचेवरून टिपू नका. आणि पानं ९६ च ठेवा, ९८ होऊ देऊ नका. ९६ म्हणजे सोळा पानांचे सहा फर्मे (एका मोठ्या कागदावर एकदम छापून घडी घातलेली पानं), छापणाऱ्याला आणि तुमच्या खिशाला दोघांनाही सोयीचे.

प्रश्न : मी मिरजेत एका छापखान्यात २६ वर्षं जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे जुळवणारा, होतो. छापखाना बंद झाल्यावर किराणा दुकान चालवलं. आता वय ७१. नातवाने लॅपटॉपवर इनडिझाइन टाकून हिंदीतले व्हिडिओ लावून दिले. बरंच जमलं, पण मराठी मजकूर टाकला की तुटतो. ‘प्रसिद्ध’ लिहिलं तर प पाय मोडलेला, र सुटा, इकार भलत्याच ठिकाणी. व्हिडिओवाल्याचं हिंदी मात्र नीट दिसतं. माझं काय चुकतंय? – माजी जुळारी, मिरज

उत्तर : काका, तुमचं काही चुकलेलं नाही. तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला, कारण ही गोष्ट जुळाऱ्याला समजावणं सर्वांत सोपं.

तुमच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीत, ‘द्ध’चा खिळा वेगळा होता. ‘क्त’चा वेगळा, ‘ट्ट’चा वेगळा. तुम्ही हस्तलिखितात ‘द्ध’ पाहिलं की हात त्या घरात जायचा. संगणकाच्या यूनिकोड (सगळ्या संगणकांना एकच ठरलेली अक्षरपद्धत) मजकुरात तो खिळा साठवलेला नसतो. फाइलमध्ये असतं ते इतकंच : द, हलन्त, ध. पानावर दाखवताना फॉन्टच्या केसमधून ‘द्ध’ उचलून आणायचं काम प्रोग्रॅममधल्या एका भागाचं, आणि त्याचं नाव आहे कंपोझर. म्हणजे तुमचाच हुद्दा. इनडिझाइन बसवल्यावर बहुतेक वेळा जो कंपोझर कामावर असतो तो रोमन लिपीचा जुळारी. त्याला आपली केस ठाऊक नाही. तो द ठेवतो, हलन्त ठेवतो, ध ठेवतो आणि पुढे जातो. पहिली वेलांटी फाइलमध्ये अक्षराच्या नंतर असते आणि दिसायची अक्षराच्या आधी. तीही त्याला उचलून मागे नेता येत नाही. तुम्हाला दिसतंय ते हेच.

जुळारी बदला. पॅराग्राफ पॅनेलच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात बारीक रेघांचा मेन्यू आहे. त्यात ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ असं नाव सापडेल, ते निवडा. कुठलीही फाइल उघडी नसताना निवडलंत, तर पुढच्या प्रत्येक नव्या फाइलला तोच कामावर येईल. आधीच्या फाइल्समध्ये पॅराग्राफ स्टाइल उघडून, जस्टिफिकेशनच्या भागात जाऊन बदलावा लागेल. मग कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी करा. काही फॉन्टांमध्ये त्याने ल आणि श आपल्या मराठी वळणाचे होतात. भारतीय लिप्यांसाठी ही सोय इनडिझाइनच्या २०१२ च्या सीएस ६ या आवृत्तीपासून आहे. नातवाने त्याहून जुनी प्रत टाकली असेल, तर मात्र हा जुळारी तिथे मिळणार नाही.

व्हिडिओवाल्याचं हिंदी का तुटत नाही? एक तर त्याने हे आधीच करून ठेवलं असेल आणि दाखवलं नसेल. किंवा तो जुन्या पद्धतीचा फॉन्ट वापरत असेल, ज्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. तिथे संगणकाला वाटतं तो इंग्रजीच जुळवतोय, म्हणून काही तुटत नाही. आपणही श्रीलिपी आणि आकृतीच्या जुन्या फॉन्टांवर वर्षानुवर्षं असंच काम केलं. पण तो मजकूर शोधता येत नाही आणि दुसऱ्याच्या संगणकावर फॉन्ट नसेल तर गिचमीड दिसते. तुम्ही यूनिकोडवरच राहा.

आता लेडिंग. ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालायचात ना, इंग्रजीत शिसं म्हणजे लेड, त्यावरूनच तो शब्द आला. व्हिडिओत सांगतात, दहा पॉइंटाच्या अक्षराला बारा पॉइंटाची ओळ ठेवा. रोमनला ते चालतं. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार, आणि खाली उकार. बाराच्या ओळीत वरच्या ‘शत्रू’चा ऊकार खालच्या ‘मूर्तींना’च्या रफाराला जाऊन टेकतो. मी ११ पॉइंटाला १६ ची ओळ धरते, जाड फॉन्ट असेल तर १७. तुम्ही मात्र माझा आकडा घेऊ नका. एक पान १५, १६ आणि १७ वर छापून खिडकीपाशी घेऊन बसा. २६ वर्षं उलटे खिळे वाचलेल्या नजरेला कुठली ओळ गुदमरतेय ते लगेच दिसेल.

आणि एक विनंती. तुम्ही शिकलेलं मोबाइलवर बोलून, मराठीत, एखाद्या मुलीकडून टिपून घ्या. जुळाऱ्याने मराठीत शिकवलेली मांडणी मला तरी अजून कुठल्या व्हिडिओत भेटलेली नाही.

प्रश्न : मी लातूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या भित्तिपत्रकाचा छापील अंक करायचाय. इनडिझाइनचं भाडं परवडत नाही. मित्र म्हणतो क्रॅक टाकून देतो. व्हिडिओतही त्याच्या लिंक असतात. काय करू?

उत्तर : क्रॅक नको. व्हिडिओखालच्या त्या लिंकांमधून संगणकात काय काय शिरतं ते तुला आणि मित्राला दोघांनाही कळणार नाही, आणि जे काम अभिमानाने दाखवायचं ते चोरीच्या हत्याराने कशाला करायचं?

स्क्रायबस घे. फुकट आहे, छापखान्याला लागणारे चार रंग आणि पीडीएफ त्यातून नीट निघतात. फक्त १.६ किंवा त्यानंतरची आवृत्ती उतरवून घे. २०२४ च्या सुरुवातीला १.६ आली आणि तिच्यात देवनागरीची जोडाक्षरं सांभाळली जातात. १.४ मध्ये ती तुटायची. यूट्यूबवर सापडणारे पुष्कळ व्हिडिओ त्या जुन्या १.४ चेच आहेत, त्यामुळे बटणं इकडची तिकडे दिसतील, आणि ‘यात हिंदी-मराठी होतच नाही’ असंही कुणी म्हणेल. व्हिडिओची तारीख आधी बघायची सवय लाव.

मराठीतून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प आहे. साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, सोबत बोललेला मजकूर लिहिलेला. लिब्रेऑफिस रायटर, इंकस्केप हे त्यात मराठीत ऐकायला मिळतं. अर्ध्या खिडकीत व्हिडिओ आणि अर्ध्यात काम, ही जी पद्धत मी वर ग्रंथपाल ताईंना सांगितली, तीच ते पहिल्यापासून सांगतात. तू रायटरमधल्या स्टाइल्स मराठीतून नीट शिकून घे. स्टाइल म्हणजे काय हे एकदा डोक्यात बसलं, की स्क्रायबस असो की पुढे कधी नोकरीत इनडिझाइन असो, नाव आणि जागा तेवढी बदलते. आठ पानांच्या अंकाला एवढं भरपूर झालं. अंक निघाला की मला एक प्रत पाठव.

प्रश्न : आमच्या मंडळाचं त्रैमासिक मी लावतो. एका प्रसिद्ध इंग्रजी व्हिडिओमालेवरून शिकलो. त्यात सांगितल्याप्रमाणे शीर्षकांना ट्रॅकिंग (अक्षरांमधली जागा) १०० दिलं, उद्धृतं इटॅलिक केली, पानाला तीन रकाने केले. तरी पान परकं दिसतं. लोक म्हणतात, काहीतरी खटकतंय. – वडोदरा

उत्तर : खटकतंय ती शिरोरेषा. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यांच्यात हवा सोडली की शीर्षक ऐटदार दिसतं. आपली अक्षरं एका रेषेला टांगलेली. ट्रॅकिंग वाढवलं की ती रेष जागोजागी तुटते आणि ‘वार्षिक सभा’चे तुकडे तुकडे होतात. छापील पान डोळ्यांजवळ धरा, अक्षराअक्षरांत केसाएवढी पांढरी फट दिसेल. देवनागरीला ट्रॅकिंग शून्य ठेवा. शीर्षकाला ऐसपैस करायचं असेल तर त्याच्या खाली-वर कोरी जागा सोडा.

इटॅलिकचंही तसंच. बहुतेक मराठी फॉन्टांना इटॅलिक नसतंच, प्रोग्रॅम सरळ अक्षर ढकलून तिरकं करतो आणि वेलांट्या पडल्यासारख्या दिसतात. त्याऐवजी वजन बदला. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट फुकट मिळतो आणि त्यात सात वजनं आहेत. उद्धृत हलक्या वजनात, थोडं आत सरकवून ठेवा, लगेच वेगळं उठून दिसेल.

रकाने दोनच करा. ‘कार्यकारिणीसमोर’, ‘विद्यार्थिनींसाठीच्या’ असे लांब शब्द आपल्याकडे ओळीओळीला येतात. अरुंद रकान्यात दोन्ही कडा सरळ करायच्या म्हटल्या की ओळीत तीनच शब्द उरतात आणि मधे भगदाडं. तीन रकाने हवेच असतील तर उजवी कड मोकळी सोडा.

आता काही छोट्या प्रश्नांची उत्तरं एकत्र.

चौकटीच्या कोपऱ्यात लाल अधिकचं चिन्ह येतं ते काय, असं चौघांनी विचारलंय. मजकूर उरलाय आणि जागा संपलीय. त्या चिन्हावर क्लिक करा, मग पुढच्या पानावर शिफ्ट दाबून क्लिक करा, उरलेला मजकूर लागतील तेवढी पानं स्वतःच जोडत वाहत जाईल. छापायला देण्याआधी हे लाल चिन्ह एकही उरता कामा नये, नाहीतर लेखाचा शेवट छापून येणार नाही.

‘सगळ्या रेषा आणि चौकटी अचानक गायब झाल्या’ असं कोल्हापूरहून आलंय. तुमच्याकडून चुकून ‘डब्ल्यू’ची कळ दाबली गेली. पुन्हा दाबा.

मैत्रिणीकडे जुनं सीएस ६ आणि तुमच्याकडे नवं इनडिझाइन असेल, तर फाइल आयडीएमएल म्हणून द्या, उघडेल. पेजमेकरच्या जुन्या फाइल्स मात्र नव्या इनडिझाइनमध्ये उघडत नाहीत. सीएस ६ पर्यंतच त्या उघडायच्या. ज्यांच्याकडे अशा फाइल्सच्या सीडी पडल्या आहेत आणि सीएस ६ अजून चालू आहे, त्यांनी तो संगणक भंगारात देण्याआधी हे काम उरकून घ्यावं.

प्रश्न : १९९८ पासूनचा आमचा मजकूर जुन्या फॉन्टात टाइप केलेला आहे. व्हिडिओ पाहून तो यूनिकोडमध्ये बदलून घेतला, आता त्यातून कवितासंग्रह लावतोय. कवितांची मुद्रितं तेव्हा कवींनी स्वतः तपासलेली होती. परत तपासायची गरज आहे का? – एक छोटे प्रकाशक, संगमनेर

उत्तर : आहे. मी का सांगतेय ते ऐका.

२०१४ साली मी एका दिवाळी अंकाची पानं लावली. त्यात जुन्नरकडच्या एका वयस्क बाईंची कविता होती, सोळा ओळींची, माहेरच्या डोंगरांवर. कविता जुन्या फॉन्टात टाइप होऊन आली, मी ती व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे बदलून घेतली. वेलांट्या जागेवर होत्या, जोडाक्षरं जुळली होती. कवीने एकदा तपासलेलीच आहे म्हणून मी नुसती नजर फिरवली. अंक छापला, बांधून आला. तीन दिवसांनी बाईंचा फोन आला. चिडल्या नव्हत्या. म्हणाल्या, ‘अगं, माझ्या कवितेत समुद्र कसा आला?’

मी अंक उघडला. त्यांनी लिहिलं होतं ‘दऱ्या’. छापलं गेलं होतं ‘दर्या’. दोन ओळींनंतर ‘खोऱ्यात’चं ‘खोर्यात’. बदलणाऱ्या प्रोग्रॅमने आडवा र उचलून त्याचा रफार केला होता. सगळ्या मजकुरात तसंच झालं होतं, पण गद्यात ‘वर्हाडी’ वाचलं तरी वाचणारा आपोआप ‘वऱ्हाडी’ वाचून घेतो. कवितेत ‘दर्या’ हा आपला खराखुरा शब्द आहे, त्यामुळे तो चूक दिसतच नाही. डोंगरावरच्या कवितेत सरळ समुद्र आला. बाई म्हणाल्या, त्यांनी समुद्र आयुष्यात दोनदाच पाहिलाय. मी संपादकांना सांगून शुद्धिपत्र छापून घेतलं आणि शिल्लक राहिलेल्या प्रतींमध्ये स्वतः बसून चिकटवलं, पण बाराशेतल्या बहुतेक प्रती तोवर घरोघरी गेल्या होत्या. बाईंना मी नीट छापलेलं ते एक पान वेगळं करून, चांगल्या कागदावर, जुन्नरला नेऊन दिलं.

म्हणून तपासा. सगळी मुद्रितं कवींकडे जाऊ देत, पण त्याआधी तुम्ही एक करा. शोधायच्या खिडकीत ‘र्य’ लिहा आणि एकेक जागा बघत चला. ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘धैर्य’ बरोबर आहेत, सोडून द्या. ‘दुसर्या’, ‘वार्यावर’, ‘किनार्याशी’, ‘पायर्या’ दिसलं की दुरुस्त करा. मग ‘र्ह’ शोधा. ‘अर्हता’ बरोबर. ‘कुर्हाड’, ‘तर्हा’, ‘गोर्हा’, ‘वर्हाड’ चूक. दुरुस्त करताना इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्टसह ‘जे’ची कळ दाबून ऱ घ्या, मग हलन्त, मग य किंवा ह. ‘सगळे बदला’चं बटण मात्र दाबू नका, नाहीतर सूर्याचा ‘सूऱ्य’ होईल. ‘दर्या’ आणि ‘सुर्या’ आले की पूर्ण ओळ वाचा आणि शंका आली की कवीला फोन करा. १२० पानांच्या संग्रहाला या कामाला मला साधारण अर्धा तास लागतो.